बडोद्याच्या वाडीतल्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, तुम्ही फोनवर एवढं मोठं काही वाचत नाही हे मला माहितीये, म्हणून हे तुमच्या सुनेला पाठवतेय, रात्री मशीन बंद झालं की वाचून दाखवते म्हणालीये. पण सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातल्या माझ्या एमएच्या डेझर्टेशनवर नाव माझं एकटीचं आहे आणि ते मला बरोबर वाटत नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात छापील प्रश्नांचा फॉर्म होता. नवरात्र तोंडावर आलेली, चणियाचोळ्यांचा खाटेवर ढीग, लटकनं लावायची होती, तरी तुम्ही आधी चहा टाकलात. प्रश्न होता व्यवसाय काय. तुम्ही बोलायच्या आत काका म्हणाले "घरीच असते ती", आणि मी गृहिणी लिहून मोकळी झाले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लिही की. मग ही लटकनं कोण लावतंय तेपण लिही." तो फॉर्म मी परत वापरला नाही.

नंतर किती दुपारी बसले तुमच्याकडे. फॉल-बीडिंगचे शेठ साडीमागे जे देतात त्यातूनच दोरा तुमचा, सुया तुमच्या, मशीनचं तेल तुमचं, लाइटबिल तुमचं, मंगळबाजारात माल आणायला-पोचवायला रिक्षाभाडं तुमचं, आणि शेठ गिऱ्हाइकात असले की पायरीवर बसून राहायचं त्याचा तर हिशोबच कुणी धरत नाही. गाठोडं सोडायचं, रंग बघून साड्या वेगळ्या करायच्या, झालं की घड्या घालून परत बांधायचं, हे सगळं फुकटात. मी इतके रिपोर्ट वाचले होते पण गाठोडं सोडायला वेळ लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग ती दुपार, मी तुम्हाला जिनिव्हाचं सांगितलं ती. आयएलओत, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत, १९१९ पासून सरकारं, मालक आणि युनियन असे तिघं बसून कामगारांचे नियम ठरवतात, आणि तुमच्यासारख्या घरी काम करणाऱ्या बायका या तिघांत कुठेच बसत नव्हत्या. आपल्याच अहमदाबादला १९७२ मध्ये इलाबेन भट्ट आणि बाकीच्या बायका 'सेवा', म्हणजे स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्या बायकांची संघटना, युनियन म्हणून नोंदवायला गेल्या तर तुमचा मालकच नाही मग लढणार कुणाशी असं ऐकवलं त्यांना. नोंदणी झाली शेवटी, आणि पुढे दुसऱ्या देशांतल्या युनियनना बरोबर घेऊन त्यांनी हा विषय थेट जिनिव्हापर्यंत लावून धरला. जून १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ नंबरचा करार झाला आणि त्याच्या जोडीला १८४ नंबरची शिफारस.

त्या शिफारशीतला १६ वा परिच्छेद मी तुम्हाला मराठीत करून सांगत होते. वीज, पाणी, फोन, मशीनची देखभाल याचा खर्च मिळावा, आणि माल सोडणं, निवडणं, बांधणं यात जातो त्या वेळेचेही पैसे मिळावेत. तुम्ही मशीन थांबवलंत. म्हणालात, "हे जिने कुणी सांगितलंय ना, तिने स्वतः गाठोडं सोडलेलं आहे."

मावशी, मी प्रतिनिधित्व वगैरे शब्द वापरून जे पानंच्या पानं लिहिलं होतं ते मी त्या रात्री बाजूला ठेवलं आणि तुमच्या या वाक्यापासून परत सुरुवात केली.

मी रोज ज्या लायब्ररीत बसते तिला हंसाबेन मेहतांचं नाव आहे, आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या व्हाइस चान्सलर. यूएनच्या मानवी हक्क कमिशनवर १८ देशांचे लोक होते आणि त्यात बायका फक्त दोन, एक एलिनॉर रूझवेल्ट आणि दुसऱ्या या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सगळे 'मेन' समान असं येत होतं, हंसाबेन अडून बसल्या, म्हणून १९४८ मध्ये 'ह्युमन बीइंग्ज' छापून आलं. मला त्यांचा फार अभिमान आहे. पण त्या बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, त्यांना ती खुर्ची मिळू शकली. गाठोड्याचा शब्द तिथे पोचायला १९९६ उजाडलं. म्हणून देशाचा एक माणूस तिकडे बसला की सगळ्यांचं म्हणणं पोचलं हे मला आता पटत नाही, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

सेमिनारमध्ये एकांनी विचारलंच, शिलाईचा आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा काय संबंध. मी तुमची चार मिनिटांची व्हॉइस नोट लावली, मागे मशीनचा आवाज तसाच येत होता. तुम्ही त्यात विचारलंय ना, की कागद एवढा चांगला आहे तर आमच्या शेठला का लागू नाही. भारताने त्या १७७ नंबरला अजून मान्यताच दिलेली नाही, आणि १८४ नंबरची तर नुसती शिफारस, ती कुणावर बंधनकारक नसतेच, म्हणून लागू नाही. हे मी बोलले तेव्हा खोलीत कुणीच काही म्हणालं नाही, पण नंतर दोघीजणी येऊन म्हणाल्या आमची आईपण हेच काम करते, आम्ही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी येतेय. तो १६ वा परिच्छेद मोठ्या अक्षरात मराठीत आणि गुजरातीत टाइप केलाय, समोरच्या भाभींसाठी पण जास्तीच्या कॉप्या आहेत. आणि डेझर्टेशनची एक प्रत तुमची. पहिल्याच पानावर तुमचं नाव आहे आणि नावापुढे लिहिलंय, कामगार, फॉल-बीडिंग आणि लटकन. काकांनाही दाखवा.