कोळंबीच्या टरफलांचे श्रेय

संपादक महोदय,

‘कोळंबीच्या टरफलांतून अँटिऑक्सिडंट’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. (अँटिऑक्सिडंट म्हणजे ‘फ्री रॅडिकल’ नावाच्या अस्थिर, उपद्रवी रेणूंना शांत करणारा पदार्थ.) त्या वाचून असे वाटते, की आमच्या मिरकरवाडा बंदरात कोळंबी सोलल्यावर जो ढीग उरतो त्यातच औषध दडले आहे. तसे नाही.

टरफलांतला चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतात, प्रथिने कॉस्टिक सोड्याने. उरते ते कायटिन, म्हणजे टरफलाला बळकटी देणारा लांब साखळीसारखा रेणू. ते तीव्र कॉस्टिकमध्ये तापवले की कायटोसान. हे कायटोसान अँटिऑक्सिडंट म्हणून तसे दुबळेच. साध्या पाण्यात ते विरघळतही नाही. फ्री रॅडिकलला शांत करायला हायड्रोजन द्यावा लागतो आणि कायटोसान आपला हायड्रोजन सहजी सोडत नाही. त्याच्या अमिनो गटाला गॅलिक किंवा फेरुलिक आम्ल जोडले, की मग जोर येतो. गॅलिक आम्ल म्हणजे आपल्या हिरड्या-आवळ्यातले. तेव्हा मथळ्यातले निम्मे श्रेय हिरड्याचे!

मग नुसता हिरडाच का नको? कारण सुटे गॅलिक आम्ल वेष्टनातून पाझरून जाते, कायटोसानच्या साखळीला बांधलेले टिकते. म्हणूनच या पदार्थाचा खरा उपयोग मला खाद्यवेष्टनात दिसतो. बांगड्या-तारलीसारखी तेलकट मासळी हवेने लवकर खवट होते, तिला अशा पातळ पापुद्र्याचा आधार मिळू शकतो.

आरोग्याच्या दाव्यांचे मात्र वेगळे. बहुतेक निष्कर्ष ‘डीपीपीएच’ चाचणीचे असतात. या नावाच्या फ्री रॅडिकलच्या जांभळ्या द्रावणात पदार्थ घातला आणि ते फिके पिवळे पडले, की पदार्थ गुणी. पण हे घडते अल्कोहोलमध्ये, काचेच्या नळीत, पोटात नव्हे. अशाच प्रकारच्या ‘ओरॅक’ चाचणीचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, कारण त्यांवरून माणसाच्या शरीरातला परिणाम कळत नाही आणि कंपन्या ते जाहिरातींत वापरत होत्या.

कायटोसानला काय जोडले आणि चाचणी नळीत झाली की माणसांवर, एवढे तरी बातमीत छापावे, ही विनंती. बाजारात वजन घटवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बहुधा साधेच कायटोसान असते. ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी