उघड्या पल्पवर काय ठेवावं

सोलापूर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

उघड्या पल्पवर, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गरावर, डायकल (कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध) ठेवावं की एमटीए (पाण्यात कालवायचं दाताचं सिमेंट), असं विचारलंस. आधी रक्त थांबतंय का ते बघ. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लाव, २.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये (जंतू मारणाऱ्या द्रावणात) भिजवलेला कापसाचा बोळा उघड्या जागेवर हलकेच टेकव, दाबू नकोस. १० मिनिटांनीही रक्त झिरपत असेल तर आतला पल्प सुजलाय. त्यावर महागातलं औषध ठेवूनही तो शांत होत नाही; सुजलेला भाग काढून टाक, म्हणजेच पल्पोटॉमी कर.

डायकल स्वस्त आणि झटपट घट्ट होणारं, म्हणून हात तिकडे जातो. पण ते हळूहळू विरघळतं, दाताला धरून राहत नाही, आणि त्याखाली डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) जो पूल बनतो त्यात बोगदे राहतात. वरचं फिलिंग कडेने सुटलं की जंतूंना तीच वाट. कायमच्या दातात मी ते ठेवू देणार नाही.

एमटीए ३ भाग पावडर, १ भाग डिस्टिल्ड वॉटर. ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात पंख्याखाली काचेवर ठेवलंस तर बघता बघता पाणी उडून भुगा होतो. म्हणून रक्त थांबल्यावरच कालव, वर ओला गॉज झाक. घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात. त्यातलं बिस्मथ ऑक्साइड रक्ताने आणि उरलेल्या हायपोक्लोराइटने काळं पडतं, तेव्हा सलाइनने नीट धू, आणि पुढच्या दातांत ते वापरूच नकोस.

तिथे बायोडेंटिन, हेही सिमेंटच. पावडरच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या द्रवाचे मोजून ५ थेंब, मग मिसळायच्या मशीनवर ३० सेकंद. सहावा थेंब पडला तर ते पातळ राहतं आणि कच्चं बसतं. सुमारे १२ मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे अक्कलकोट-बार्शीहून एसटीने आलेल्या पेशंटचं पक्कं फिलिंगही त्याच बैठकीत होतं. परत बोलावलेला माणूस येईलच असं नाही, आणि तात्पुरतं फिलिंग गळलं की सगळी मेहनत वाया. खर्च वाढतो, पण दात वाचतो. फक्त एक्स-रेत ते डेंटिनसारखंच पुसट दिसतं. केसपेपरवर नाव आणि तारीख ठळक लिही, नाहीतर पुढचा डॉक्टर कीड समजून उकरून काढेल.

६ महिन्यांनी आणि वर्षाने थंडाची चाचणी आणि एक्स-रे. मधेच रात्रीचा ठणका सुरू झाला तर वाट न बघता यायला सांग.

तुझी आई