झोपेच्या लेखात स्वप्नांचं काय?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत झोपेवर पानभर लेख आला होता तो वाचला. मोबाईल लांब ठेवा, रात्री चहा नको, हळदीचं दूध घ्या, खोलीत अंधार करा. सगळं बरोबर आहे हो, पण आमच्याकडे हे सगळं करून झालंय आणि तरी माझे मिस्टर रोज पहाटे साडेतीनला दचकून उठून बसायचे, म्हणून लिहितेय.

आम्ही दिव्याला राहतो, हे मुलुंडला कामाला. गेल्या पावसाळ्यात भरलेल्या लोकलमध्ये ह्यांच्या अगदी पुढ्यात दारात उभा असलेला एक कॉलेजचा पोरगा हात सुटून खाली गेला. ह्यांना साधं खरचटलंही नाही. दिव्यात हे नवीन नाहीच, ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातली माणसं पडून मेली ते सगळ्यांनी वाचलंय, त्यामुळे ह्यांनी घरी येऊन दोन वाक्यांत सांगितलं, जेवले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आम्हाला वाटलं संपलं. तिसऱ्या की चौथ्या रात्री सुरू झालं ते, रोज तेच स्वप्न, तीच सॅक, तोच हात, आणि बनियन घामाने ओलं.

सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांना काही लागलं नाही ना, मग कशाला एवढं? डॉक्टरांनी किती तास झोपता एवढंच विचारून गोळी दिली, गोळीने झोप लागायची पण स्वप्न काही सुटेना, वर सकाळी डोकं जड. हळूहळू ह्यांनी लोकलच सोडली, शेअर रिक्षा मग टीएमटी मग परत दुसरी बस, रोजचा दीड तास जास्त आणि पैसे वेगळे.

शेवटी ठाण्यात एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्वप्नात काय दिसतं? इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्यांनी सांगितलं की झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि ज्या झोपेत जास्त स्वप्नं पडतात, जिला रेम म्हणतात, ती पहाटेकडे लांबत जाते, म्हणून साडेतीन-चार. (मला इतके दिवस वाटायचं हे पहिल्या गाडीच्या भोंग्याने उठतात.) शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ रोझलिंड कार्टराइट यांच्याबद्दल त्यांच्याकडूनच कळलं. २०२१ मध्ये ९८ व्या वर्षी गेल्या त्या, पण वर्षानुवर्षं त्यांनी झोपेचा आणि स्वप्नांचा अभ्यास केला, त्यातला एक असा, घटस्फोटातून जाणाऱ्या माणसांना लॅबमध्ये झोपवायचं, रेम चालू असताना उठवायचं आणि काय दिसलं ते विचारायचं. खचलेल्यांपैकी ज्यांच्या स्वप्नात तो नवरा किंवा ती बायको येत होती, रागारडण्यासकट, ती माणसं वर्षभराने जास्त सावरलेली निघाली. म्हणजे स्वप्न हा काही कचरा नाही, रात्रभर मन मनावरचं ओझं उतरवत असतं. आमच्या ह्यांचं मात्र तिथेच अडकलं होतं, रोज तीच रीळ, पुढे सरकतच नव्हती.

मग जो उपाय सांगितला तो ऐकून मला खरंतर हसू आलं. दिवसा, जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून तो नवीनच बघायचा. मूळ प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत बसायची गरज नाही. अमेरिकेत डॉ. बॅरी क्रॅको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ बायकांवर हे तपासलं होतं, २००१ मध्ये ते छापून आलं, वाईट स्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. ह्यांनी काय ठरवलं माहितीये, गाडी प्लॅटफॉर्मला लागलीये आणि तो पोरगा उतरून वडापाव घेतोय, एवढंच. पहिला आठवडा काहीच फरक नाही, हे वैतागले, थोतांड आहे म्हणाले. दीड महिन्याने रोजचं स्वप्न आठवड्यातून एकदा-दोनदावर आलंय. पूर्ण गेलेलं नाही, आणि दारात अजून उभे राहत नाहीत, पण गाडीने जातात.

आता तुम्हाला विनंती. अपघाताची बातमी छापता तेव्हा मेलेले किती आणि जखमी किती एवढंच येतं, बघणारे कोणी मोजत नाही, आणि एकेका डब्यात ते शेकड्यांनी असतात. बातमीखाली एका ओळीत टेलीमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकत जा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि झोपेवर परत लेख कराल तेव्हा हळदीच्या दुधाची जागा जरा कमी करून ह्या स्वप्नांवर कोणा जाणकाराकडून लिहून घ्या.

माझं नाव छापू नका प्लीज, ह्यांच्या ऑफिसात तुमचाच पेपर येतो.

एक वाचक, दिवा, जि. ठाणे