पेनड्राइव्ह कोणी अडवला, तेही सांगा

महोदय,

पेनड्राइव्ह काढायला जावे, तर विंडोज ‘हे उपकरण वापरात आहे’ एवढेच सांगते. कोण वापरतेय, ते मात्र गुलदस्त्यात. वास्तविक विंडोजला ते ठाऊक असते: इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, ‘सिस्टीम’ लॉगमध्ये, ‘कर्नल-पीएनपी’ची (उपकरणे जोडणे-काढणे सांभाळणाऱ्या भागाची) 225 क्रमांकाची नोंद पाहिली, तर अडवणाऱ्या प्रोग्रामचे नाव बहुधा तिथे सापडते. कधी अँटीव्हायरस, कधी न मिटलेली फाइल. हेच नाव सूचनेच्या चौकटीत का नको? लिनक्स या दुसऱ्या संगणकप्रणालीवर तर पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) नुसते उघडे राहिले, तरी तो अनमाउंट होत नाही, म्हणजे प्रणालीपासून सुटा होत नाही. ‘एलएसओएफ’ (lsof) ही कमांड कारण दाखवते, पण ती किती जणांना माहीत असणार?

याहून घातक आहे ती कॉपीची पट्टी. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवते आणि मागाहून उपकरणावर उतरवते. ही साठवण मूळ सेटिंगनुसार उपलब्ध मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. 16 जीबी मेमरीच्या संगणकात, म्हणजे, सुमारे 3 जीबी. सेकंदाला 10 एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला तेवढे उतरवायला पाच मिनिटे लागतात, पट्टी मात्र केव्हाच शंभरावर पोचलेली असते. तेवढ्यात कोणी तो उपसला, की फाइल अर्धवट राहते. फॅट-32 आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या फाइल-रचनांमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसल्याने फोल्डरची रचनाही बिघडू शकते. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेचे जर्नल फोल्डरची रचना सावरते. फाइलमधला मजकूर वाचेल याची हमी तेही देत नाही.

विंडोज 10 ने 2018 च्या 1809 आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ धोरण ठेवले, म्हणजे मजकूर मेमरीत न साठवता थेट उपकरणावर उतरवायचा. कॉपी थोडी रेंगाळते, पण पट्टी खोटे बोलत नाही. काढत्या-घालत्या उपकरणांसाठी हाच सौदा बरा. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणापुरती या साठवणीवर मर्यादा घालायची सोय कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आहेच. वितरणांनी (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) ती यूएसबीसाठी आपणहून लावावी आणि ‘इजेक्ट’ दाबल्यावर किती एमबी उतरायचे बाकी आहेत, तो आकडा दाखवावा. तोवर टर्मिनलमध्ये ‘सिंक’ (sync) देऊन ती कमांड परतेपर्यंत थांबावे.

फिरत्या तबकडीच्या बाह्य हार्ड डिस्कला नुसते अनमाउंट पुरत नाही. तबकडी फिरत असतानाच वीज तुटली, तर हेड (तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग) घाईने मागे ओढले जाते आणि त्याची झीज वाढते. ‘इजेक्ट’ने आधी तबकडी थांबवावी, मगच ‘आता काढा’ म्हणावे.

– एक वाचक