जीन चालू आहे की बंद, तेही तपासा

संपादक महोदय,

सारखं इन्फेक्शन होणाऱ्या मुलाला नुसतं 'प्रतिकारशक्ती कमी आहे' सांगून परत पाठवतात, हे थांबायला हवं. जन्मजात प्रतिकारदोषांशी जोडलेले 450 पेक्षा जास्त जीन्स आज माहिती आहेत, तरी डीएनए टेस्टमध्ये बऱ्याचदा काहीच सापडत नाही, कारण कधीकधी आरएनएचे (जीनवरून पेशीत बनणाऱ्या नकलेचे) तुकडेच चुकीचे जोडले जातात आणि ते रक्तातल्या पेशींचं आरएनए सिक्वेन्सिंग (म्हणजे ही नक्कल वाचून ती नीट बनली का आणि कोणता जीन किती चालू आहे ते पाहणं) केलं तर दिसू शकतं. म्हातारपणी कारण वेगळं, थायमस (छातीतली ग्रंथी) आक्रसलेली असते, तिथे तयार होणाऱ्या नव्या टी पेशी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी बनतात, सूज वाढवणारे जीन्स जास्त चालू राहतात (लसही मग कमी लागू पडते). आरएनएचं हे मोजमाप रिसर्चपुरतं ठेवू नका, पेशंटपर्यंत आणा, आणि मुलांच्या बाबतीत तर आधी.

- एक वाचक