कीबोर्ड माझ्याकडेच राहू देणाऱ्या ताईंना

ताई,

तोंडावर आभार मानले असते तर "अगं, त्यात काय!" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

मासिक बिलांचा तो पायथॉनचा कोड माझ्या गळ्यात पडला तेव्हाच बिघडलेला होता. 'मासिकबिल' हा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, 'ईमेलबिल' आणि 'जीएसटीबिल' या दोघांवरून काढलेला, आणि ते दोघेही 'बिल'वरून. जीएसटीचा दर मागितला की प्रोग्राम आडवा. मदत मागितली तर एकाने, दुसऱ्या क्लासला बोलावणाऱ्या 'सुपर'बद्दल, "सुपर म्हणजे पॅरेंट, ज्यावरून क्लास काढला तो, एवढंही येत नाही?" असं अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल असं सुनावलं. दुसऱ्याने कीबोर्ड ओढून घेतला, दर थेट कोडमध्ये टाकला आणि चालता झाला. एरर गेली, पण मला काडीचंही कळलं नाही. इतकी अनुभवी माणसं, पण पाच मिनिटं शेजारी बसावंसं कुणालाच वाटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तर दुसऱ्या टीमच्या. बॅग खांद्याला, अंधेरीहून विरार फास्ट पकडायची घाई. तरी खुर्ची ओढून बसलात आणि कीबोर्ड माझ्याकडेच राहू दिलात. "मासिकबिलचा एमआरओ, म्हणजे कुठल्या क्लासचा नंबर कधी लागतो ती रांग, प्रिंट कर, आणि मोठ्याने वाच." मी वाचलं: मासिकबिल, ईमेलबिल, जीएसटीबिल, बिल, ऑब्जेक्ट. "आता ईमेलबिलचं इनिट, सुरुवातीची मांडणी करणारा भाग, उघड." एवढं बोलून तुम्ही गप्प बसलात. मी स्क्रीनकडे बघत राहिले, तुम्ही थांबलात. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

त्या थांबण्यात मला दिसलं. सुपर पॅरेंटला बोलावतं असं नाही. ते रांगेतल्या पुढच्याला बोलावतं, आणि रांग ठरते ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून बनवलेली वस्तू, ज्या क्लासचा आहे त्यावरून. ईमेलबिलमध्ये कुणीतरी 'बिल'चं नाव घेऊन त्याचं इनिट थेट बोलावलं होतं, त्यामुळे मधल्या जीएसटीबिलचा नंबरच लागत नव्हता. तिथे सुपर लिहिलं, दुसऱ्याने घुसवलेला दर काढला, आणि बिल निघालं. माझ्या हातून.

जाताजाता म्हणालात, "यात भलेभले अडकलेत. पायथॉन २.२ मध्ये ठरवलेला या रांगेचा क्रम पायथॉनवाल्यांनाच २००३ साली, २.३ मध्ये बदलावा लागला. तेव्हापासून सी-थ्री नावाची रीत." त्या एका वाक्याने माझी मान वर झाली.

ज्ञान असलेली माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील. समोरच्याला लहान न करता शिकवणारी फार थोडी, आणि त्यांना बढतीच्या फॉर्मवर रकाना नसतो. कुणीतरी तो छापायला हवा.

आता पुढचं अडलंय: दोन्ही क्लासच्या इनिटला वेगवेगळे आर्ग्युमेंट, म्हणजे आत द्यायची माहिती, लागतात, ते रांगेतून पुढे कसे पाठवायचे? सोमवारी जेवणाच्या सुट्टीत येते. डबा माझ्याकडून.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची