टाकून देण्याआधी बुंधा पाहा

महोदय,

कुंडीतलं जुनं, रोडावलेलं झाड उपटून टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी त्याचा बुंधा पाहा. त्यातून बोन्साय, म्हणजे उथळ ट्रेमध्ये जोपासलेलं बुटकं झाड, घडू शकतं. माझा वड पंधरा वर्षं एकाच कुंडीत होता. पानं मोजकीच, पण बुंधा मनगटाएवढा! रोपवाटिकेतल्या कोवळ्या रोपाला तो यायला वर्षानुवर्षं लागतात.

कुंडी आडवी करून झाड ओढलं, तर माती जवळपास नव्हतीच. कुंडीच्याच आकाराचा मुळांचा घट्ट गोळा बाहेर आला. लाकडी काडीने एकेक मूळ सोडवण्यात अख्खी दुपार गेली. वाढीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. साधारण एक तृतीयांश मुळं कापली, फांद्याही छाटल्या (पांढरा चीक गळतो, घाबरू नये) आणि झाड भरड, निचरा होणाऱ्या मिश्रणात लावलं. बोन्सायचा उथळ ट्रे आणि फांद्यांना वळण देणारी तार पुढच्या वर्षी. इथे घाई केली की झाड हातचं जातं. पालवी फुटेपर्यंत सावली, खत बंद.

पाचव्या आठवड्यात जुन्या खोडावर टोकदार कोंब दिसला. बोन्साय म्हणजे झाडाचा छळ म्हणणाऱ्यांनी ती कोंडलेली मुळं पाहायला हवी होती.

– एक वाचक